मला गाडी लागते, तरी कल्याणला गेले

आमच्या नौपाड्यातल्या महिला मंडळात अधूनमधून कोणीतरी आपल्या प्रवासाची हकीकत लिहून आणते आणि वाचून दाखवते. एकीने बद्रीकेदार वाचलं, एकीने दिराबरोबर केलेलं म्हैसूर-उटकमंड वाचलं, आणि आता सगळ्या माझ्या मागे लागल्या आहेत की तुम्हीही लिहा. मी ठाण्याहून कल्याणला जाऊन आले. हसू नका. आगगाडीने जेमतेम अर्ध्यापाऊण तासाचा रस्ता, त्यात लिहायचं काय, असं ज्यांना वाटतं त्यांना गाडी लागत नाही. त्यांनी हे नाही ऐकलं तरी चालेल. ज्यांना लागते त्यांच्यासाठी मी लिहिते आहे, आणि त्या आपल्यात किती आहेत ते मला ठाऊक आहे, कारण सहल ठरली की त्यांच्याच घरी नेमके पाहुणे येतात.

मला चालणारं काहीही लागतं. टांगा लागतो, मोटार लागते, आगगाडी लागते. जत्रेतला पाळणा तर मला नुसता बघून लागतो. लग्न होऊन नाशकाहून ठाण्याला आले ती सबंध कसारा घाट ओकत आले, आणि नवी नवरी म्हणून कोणी काही बोललं नाही एवढंच. तेव्हापासून जिथे पायी जाता येत नाही तिथे जायचं नाही, असा मी नेमच केला. आमच्या ह्यांचं म्हणणं, हे सगळे मनाचे खेळ आहेत. हे स्वतः घाटात मोटारीत बसून वर्तमानपत्र वाचतात आणि वाचता वाचता भजी खातात. अशा माणसाला काय सांगणार?

आमची एकुलती एक मुलगी माला माझं नाक आणि माझं दुखणं दोन्ही घेऊन जन्माला आली. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं ते इथेच ठाण्याला, आणि ती कल्याणला नांदायला गेली. जावई माधवराव तिथल्या शाळेत सायन्स शिकवतात. हे दर महिन्याला जाऊन तिला बघून येत. मी मात्र लेकीचं घर कसं आहे, चूल कुठे आहे, खिडकी कोणत्या बाजूला आहे, हे ह्यांच्या तोंडून ऐकायची, आणि पुरुषांना खिडकी कुठे आहे ते कधी सांगता येत नाही.

आता मालाला दिवस गेलेले, पहिलेच. रीतीप्रमाणे सातव्यात तिने माहेरी यायचं. पण तिच्या उलट्या काही थांबेनात, अंगात त्राण उरलं नाही, आणि कल्याणच्या डॉक्टरांनी बजावलं की हिला गाडीत घालू नका, बाळंतपण इथेच करा. मालाला सासू नाही. घरात दुसरं बाईमाणूस नाही. म्हणजे कोणी जायचं ते उघडच होतं.

ठाणे, गुरुवार

जायचं ठरलं आणि दुसरी अडचण पुढे आली. आमच्या घराण्यात मुलीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्न खात नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. आजकाल पुष्कळ घरांतून हे सुटत चाललं आहे, पण आमचे हे या बाबतीत कडक. माझ्या सासूबाई आपल्या मुलीच्या घरून भर उन्हाळ्याच्या दुपारीसुद्धा कोरड्या घशाने उठून आल्या होत्या, आणि ती गोष्ट आमच्या घरात पराक्रमासारखी सांगतात. मग मी दीडदोन महिने तिथे राहायचं कसं? तर आपला शिधा आपण न्यायचा. स्टोव्ह, तांदूळ, डाळ, पीठ, लोणच्याची बरणी, दोन पातेली, आणि पोचल्याबरोबर प्यायला फिरकीच्या तांब्यात ठाण्याचं पाणी. तिथलं पुढचं पाणी शेजाऱ्यांकडून मागायचं, असं ह्यांनी ठरवून टाकलं. लेकीच्या घरी निघालेली बाई मी, पण सामान बघून वाटावं की मुक्काम कुठल्या तरी रानात आहे.

ह्यांना कचेरीतून रजा मिळेना, म्हणून सोबतीला गोदूवन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लहानपणी मेंदूचा ताप आला त्यात त्यांचे दोन्ही कान गेले. लग्न झालं नाही, आमच्याकडेच असतात. ओठ बघून आपलं बोलणं ओळखतात, खुणांनी उत्तर देतात, आणि त्यांच्या खुणा आपल्या बोलण्यापेक्षा बोचऱ्या असतात.

आळीत बातमी फुटली तेव्हा प्रत्येकीने एकेक उपाय आणून दिला. कोणी आवळासुपारी, कोणी आलेपाक, कोणी हुंगायला लिंबू. एकीने सांगितलं, पोटावर वर्तमानपत्राची घडी बांधा. दुसरी म्हणाली, काही खाऊ नका. तिसरी म्हणाली, पोट रिकामं ठेवू नका. मी कोणालाच नाराज केलं नाही, सगळंच केलं. त्यावर निघताना ह्यांनी हातावर दही ठेवलं, कारण दह्याशिवाय आमच्या घरातून कोणी गावाला जात नाही.

"डोळे मिटून स्वस्थ बस," हे स्टेशनवर म्हणाले. "मनात आणलं नाहीस तर काही होणार नाही."

दिवा, त्याच दिवशी

मी मनात काहीएक आणलं नाही. बायकांच्या डब्यात बसल्याबरोबर डोळ्यांवर पदर ओढला, मान खाली घातली, लिंबू नाकाशी धरलं आणि रामरक्षा सुरू केली. खाडीवरचा पूल गेला. मुंब्र्याचा डोंगर आला, गाडी वळली, बोगद्यात शिरली, आणि माझी रामरक्षा तिथेच राहिली. आवळासुपारी, आलेपाक आणि दही ज्या क्रमाने पोटात गेलं त्याच्या उलट क्रमाने बाहेर आलं. पोटावरच्या वर्तमानपत्राचा त्या वेळी उपयोग झाला, पण देणारीने सांगितलेला नव्हे.

वन्सं समोर बसून भाजलेले शेंगदाणे खात होत्या. त्यांनी पुडी खाली ठेवली, माझी पाठ चोळली, आणि मी जरा सावरले असं बघून पुन्हा पुडी उचलली. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू.

गाडी दिव्याला थांबली आणि मी सामानासकट खाली उतरले. पुढे आता मेले तरी जाणार नाही, असं वन्संना खुणेने सांगितलं. त्यांनी फलाटाच्या चारी बाजूंना हात फिरवून मला विचारलं, मग इथे राहणार का? सगळीकडे भातखाचरं आणि पलीकडे मिठागरं. माणसांपेक्षा बगळे जास्त. मी फलाटावर बसून फिरकीचा तांब्या उघडला, चुळा भरल्या, तोंड धुतलं, पदर धुतला, वन्संनी माझ्या चपलाही धुतल्या, आणि ते झाल्यावर लक्षात आलं की तांब्यात थेंब उरलेला नाही.

आमच्याच डब्यातून एक कोळीण उतरली होती. ठाण्याच्या बाजारात मासळी विकून जवळजवळ रिकाम्या पाट्या घेऊन घरी चाललेली. नाव हिराबाई. ती माझ्यापुढे उकिडवी बसली.

"काय झाला गो बाय? गारी लागली कं?"

मी मान हलवली. तिने कनवटीला हात घालावा तसा पाटीत हात घातला आणि एक सुका बोंबील काढून थेट माझ्या नाकापुढे धरला.

"ह्यो हुंग. लगेच बरा वाटंल."

ब्राह्मणाच्या बाईला बोंबील हुंगवायचा, या कल्पनेने माझ्या अंगात एकदम शक्ती आली आणि मी ताठ बसले. "बग, उतार परला," हिराबाई म्हणाली. तिचं अनुमान चुकलं असं म्हणायला मला तोंडच नव्हतं. मग तिने विचारलं कुठे जायचं, मी सांगितलं, लेकीचंही सांगितलं. अनोळखी बाईला मी इतकं कधी सांगत नाही, पण ओकून झाल्यावर माणसाला भीड राहत नाही.

"मना पन मोटार लागते," ती म्हणाली. "नाशकाला गेल्ती तवा आख्ख्या वाटंला वकत गेली. माजा नवरा भरतीबरूबर कल्यानला चाललाय, सुकी मासली घेऊन. चल होरीन. होरी लागली कं मंग मना सांग."

आता आगगाडी लागणाऱ्या बाईने होडीत बसायचं, म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात पडण्यासारखंच झालं. पण दुसऱ्या गाडीचा विचार मनात आला की पोटात ढवळायचं. आणि ठाण्याला परत जायचं तरी गाडीनेच. मालाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मी उठले. हिराबाईने माझी स्टोव्हची पिशवी आपल्या पाटीत टाकली आणि आम्ही तिघी खाचरांच्या बांधावरून खाडीकडे निघालो.

खाडीत

होडीत सुक्या मासळीचे गठ्ठे होते. वास किती होता ते मी लिहीत नाही. बसायला एकच मोकळी जागा, मागे सुकाणूजवळ, तिथे हिराबाईच्या नवऱ्याने गोणपाट टाकून दिलं. बिचारा फार संकोचला होता. दर थोड्या वेळाने म्हणे, "बाय, वास मारतंय ना?" आणि मी म्हणे, "नाही हो, छे."

भरतीचं पाणी आत शिरत होतं. शीड भरलं आणि होडी निघाली. मी दोन्ही हातांनी काठ धरून वाट बघत बसले की आता येईल, मग येईल. तिवरांची झाडं गेली, मिठाचे ढीग गेले, एका वळणावर गुडघाभर चिखलात उभ्या बायका खुबे-शिंपल्या वेचताना दिसल्या. होडी डुलत होती, चांगली डुलत होती. पदर डोळ्यांवर घेण्याची सोय नव्हती, कारण हात मोकळे नव्हते. त्यामुळे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बघता बघता डोंबिवलीची बाजू आली, लांबवर ठाकुर्लीच्या वीजघराचा धूर दिसला, आणि मला एकाएकी समजलं की मला भूक लागली आहे.

इतक्या वर्षांत चालत्या वाहनात मला भूक लागल्याचं आठवत नाही. हिराबाई काठावरच राहिली, पण तिने सोबत तांदळाची भाकरी दिली होती आणि वर मिरचीचा ठेचा. मी ती खाल्ली. वन्संनी दीड खाल्ली. नवरा म्हणाला, पाणी पण घ्या, पण आमच्या सोवळ्याची मला ऐन वेळी आठवण झाली आणि मी नको म्हटलं. भाकरी चालली आणि पाणी चाललं नाही, यात तर्क शोधू नका. ठेचा तिखट होता आणि ऊन वरून, तेव्हा त्या तर्काची शिक्षा मला पुढे यथास्थित भोगावी लागली. पण तो वेळ फार सुखाचा गेला. वाऱ्याने चेहरा गार झाला होता, माहेराहून सासरी नव्हे तर लेकीकडे चालले होते, आणि पोट माझं असूनही मुकाट्याने बसलं होतं.

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी बंदरावर उतरलो. माधवराव तिकडे स्टेशनवर गाड्यांमागून गाड्या बघत उभे होते, आणि त्यांच्या सासूबाई इकडे मासळीबरोबर उतरल्या.

कल्याण

पारनाक्याजवळचं घर विचारत विचारत गेलो. माला दारातच होती. किती वाळली होती पोर! मला बघून तिने आधी तोंडावर हात ठेवला, मग रडली, मग नाक आक्रसून म्हणाली, "आई, तुला कसला वास येतोय?" मी हसायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. वन्संनी धरून बसवलं.

थोड्या वेळाने माधवराव धावत परत आले. सगळी हकीकत ऐकली. त्यांना वाटलं मी होडीनेच आजारी पडले. मी म्हटलं, होडीत मला काही झालं नाही, आगगाडीत झालं, आणि हे म्हणतात हे मनाचे खेळ. त्यावर मास्तर जागे झाले.

"मनाचे नाहीत हो आई, कानाचे," ते म्हणाले. "कानाच्या आत, अगदी खोल, बारीक वाकड्या नळ्या असतात आणि त्यांत पाणी असतं. गवंड्याची सपाटी बघायची पाणसळ असते ना, तसलाच प्रकार. आपण हललो, वळलो की ते पाणी हलतं आणि मेंदूला खबर जाते. तुम्ही गाडीत पदर ओढून बसलात. डोळ्यांना दिसतं, सगळं स्थिर आहे. कान सांगतात, हललो, वळलो. दोघांचं जुळत नाही, आणि ते भांडण पोटाला निस्तरावं लागतं. होडीत तुम्ही काठाकडे बघत होता. डोळे आणि कान एकच सांगत होते."

"मग ह्यांना कसं काही होत नाही?"

"कोणाची पाणसळ हळवी असते, कोणाची नसते. बायकांना जास्त त्रास होतो, पोटुशी असली तर आणखी. आईचं मुलीकडेही येतं. पण अमक्यालाच का, ते पुरतं कोणालाच सांगता येत नाही." मग त्यांनी वन्संकडे बघितलं. त्या भिंतीला टेकून उरलेले शेंगदाणे मालाला सोलून देत होत्या. "आत्याबाई अंधारात चालताना भिंत धरतात का?"

मी दचकले. धरतात. दिवा नसला की वन्सं मोरीपर्यंतसुद्धा भिंत चाचपत जातात. आम्ही समजत होतो, त्यांना अंधाराची भीती वाटते.

"तापाने ऐकणं गेलं त्याबरोबर ती पाणसळही गेली असणार," माधवराव म्हणाले. "डोळ्यांना दिसेनासं झालं की त्यांना तोल राखणं कठीण जातं. त्यांना जन्मात गाडी लागायची नाही."

मी सबंध रस्ता त्या शेंगदाण्यांवरून मनातल्या मनात चरफडत होते. आता मला फार वाईट वाटलं. त्यांच्या स्वस्थ बसण्याची किंमत त्यांनी कधीच चुकती केली होती. वन्संनी माझ्याकडे बघितलं, काय बोलणं चाललंय ते त्यांना कळलं असावं, आणि त्यांनी दोन दाणे माझ्याही हातावर ठेवले.

एवढ्यात माला पाण्याचं भांडं घेऊन आली. माझा घसा ठेच्याने आणि उन्हाने नुसता जळत होता. तरी मी हात मागे घेतला.

"शेजाऱ्यांकडून आणवते," मी म्हटलं.

"शेजाऱ्यांची आणि आमची विहीर एकच आहे," माधवराव हळूच म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

माला भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिला उभं राहवत नव्हतं, तरी उभी राहिली. "बाबा येतात तेही असेच करतात," ती म्हणाली. "मी पाणी आणते, ते हात जोडतात. ते गेले की मी ते पाणी मोरीत ओतून देते. दर महिन्याला ओतते. आई, तू एवढी ओकत, होडीतून आलीस ती माझ्यासाठी ना? मग माझ्या हातचं का चालत नाही तुला?"

मी भांडं घेतलं आणि सगळं पाणी प्याले. वन्संना कोणी विचारलंच नव्हतं, त्या आत जाऊन त्याच घरच्या पाण्यात आपल्या हाताने पोहे भिजवत होत्या. त्या संध्याकाळी मी लेकीच्या चुलीवर वरणभात केला आणि तिला माझ्या ताटात जेवायला बसवलं. कितीतरी दिवसांनी तिच्या पोटात अन्न टिकलं. स्टोव्ह पिशवीतून मी बाहेर काढला नाही.

मात्र रात्री अंथरुणावर पडले आणि हे आठवले. ह्यांना काय सांगायचं? हे रागावले तर मला ठाण्याला चल म्हणतील, आणि मालाला मी अशा अवस्थेत एकटी टाकणार नव्हते. लग्न झाल्यापासून ह्यांच्या शब्दाबाहेर जायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. आता आली तर काय करायचं ते मी ठरवून टाकलं, पण ठरवलं तरी झोप काही लागली नाही.

रविवार

यथावकाश माला सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. परत येताना मी आगगाडीत खिडकीशी बसले, पदर खांद्यावर, नजर लांबच्या डोंगरावर, आणि ठाणे येईपर्यंत फक्त एकदाच गडबड झाली, तीही बोगद्यात, जिथे बघायला डोंगर नव्हता. ज्यांना गाडी लागते त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. उपाय आहे, पण बोगद्याला नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या रविवारचं. आम्ही जेवायला बसलो होतो, हे संध्याकाळी यायचे म्हणून मी निर्धास्त होते, आणि हे दुपारीच दारात उभे. हातात छत्री, घामाने सदरा भिजलेला. माझ्यापुढे ताट, ताटात मालाच्या घरचा भात, आणि माझा घास हातातच राहिला. मालाचा चेहरा पांढरा पडला.

ह्यांनी छत्री कोपऱ्यात उभी केली. बाकावर बसले. ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कधीपासून?"

"आल्या दिवसापासून," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. "आणि बाळंतपण होईपर्यंत मी इथून हलणार नाही. इथेच जेवणार, इथलंच पाणी पिणार."

ह्यांनी खिशातून रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला. माधवराव उठू की नको अशा बेतात. मग हे मालाला म्हणाले, "माले, मला भांडंभर पाणी दे."

मालाला ऐकू आलं की नाही कोण जाणे, ती तशीच बसून राहिली. वन्संनीच तिला कोपराने ढोसलं. तिने पाणी आणून दिलं. ह्यांनी ते एका दमात संपवलं आणि भांडं पुन्हा पुढे केलं. दुसरंही संपवलं.

"दोन वर्षं," हे माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन वर्षं मी या घरातून तहानलेला उठतोय आणि स्टेशनवरच्या नळाला ओंजळ लावतोय. अगं, तुला यायला एवढा उशीर का झाला?"

माला तिसरं भांडं भरायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.